चारशे पंचवीस अंश

डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली.
वर चालेल ते, खाली चालणार नाही ते.
तेल रेघेच्या खाली.
लूशियसने कागदाची चौघडी करून
शर्टाच्या खिशात ठेवली, टाक्यांच्या बाजूला,
आणि नॅशव्हिलचे सगळे सिग्नल संपेपर्यंत
एक अक्षर बोलला नाही.

एकतीस वर्षं रेल्वेफाटकापाशी
या माणसाने कोंबडी तळली.
केयेन मिरचीत लालभडक माखलेली,
खाली पांढरा ब्रेड, वर आंबट काकडीच्या चकत्या.
लोक रडत रडत खायचे
आणि शुक्रवारी परत रांगेत.
त्याचे शर्ट मी तीन तीनदा धुवायचे,
तरी माझ्या उशीला तळणाचा वास.
त्यावरून भांडलेही आहे मी, खोटं कशाला बोलू.
परवा कपाटामागे एक एप्रन सापडला.
धुतला नाही.

पहिला घाणा
(घाणाच म्हणते, तळण नसलं तरी)
कोरडा निघाला.
मैदा तसाच पांढरा, भिंतीला चुन्याचे पोपडे धरावेत तसा.
त्याने खाल्ला. पाणी प्यायला.
"शिजलंय," म्हणाला.
दुसऱ्याची खालची बाजू भिजकी,
साल मोज्यासारखी निघून आली.
तेव्हा काहीच म्हणाला नाही,
ते जास्त लागलं.

मग रात्रभर ताकात मुरवली,
ताकात मीठ, लसूण, त्याचाच तिखट सॉस.
कॉर्नफ्लेक्स टॉवेलमध्ये गुंडाळून
लाटण्याने असे बडवले
की वरच्या मजल्यावरच्या मिसेस टॉलिव्हरने पाय आपटले.
ट्रे आधीच तापवला, त्यावर जाळी,
जाळीवर तुकडे, एकमेकांना न लागता,
चर्चमध्ये रुसलेल्या बहिणी बसतात तसे.
चारशे पंचवीस अंश. चाळीस मिनिटं. मध्ये एकदा उलटायचे.

तो खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसला.
"हे बोलतच नाही," म्हणाला.
तेलाचं त्याला कानाने कळायचं:
आधी कडाकडा भांडतं,
मग समजूत पटल्यासारखा आवाज खाली येतो,
तिथे उचलायचं. घड्याळ लागायचं नाही.
इथे नुसता पिवळा दिवा
आणि काचेपलीकडे आमची कोंबडी,
काचपेटीत ठेवलेल्या बाळासारखी. बाहेर आम्ही दोघं.

मी तिखटाचा डबा उघडला तसा उठला.
"कोरडं नको टाकू, जळेल.
मिरची तेलातच फुलते."
मी कागदाकडे पाहिलं. फ्रिजवर, चुंबकाखाली.
त्यानेही पाहिलं.
"दोन चमचे," मी म्हणाले, "आणि मोजणार मी."
छोट्या कढल्यात दोन चमचे तेल,
केयेन, पाप्रिका, चिमूटभर ब्राउन शुगर.
आच बंद करताच ते फुललं,
आणि आमच्या स्वयंपाकघरात
फाटकापाशीची ती टपरी येऊन उभी राहिली.
मला ठसका लागला. डोळ्यांत पाणी. ठसक्याचंच असेल.

त्याने ब्रश हातात घेतला.
मनगटावरचे जुने डाग, गव्हाच्या दाण्याएवढे,
एकेका तुकड्यावरून फिरले,
पंखाखाली, सांध्यात,
जिथे मी कधीच पोचले नसते.

बशी पुढे ठेवली तर खाईना.
"अर्नेस्टीन, तू चाव."
"आधी तू."
"इथे चाव," म्हणाला, "कानाशी."
उजवा कान पुढे केला.
डावा पंख्याच्या घरघरीत कधीच गेला,
दुकानाचं भाडं म्हणतो तो त्याला.

एकोणसत्तराव्या वर्षी, भर स्वयंपाकघरात,
नवऱ्याच्या कानाला तोंड लावून
मी मांडीचा तुकडा चावले.
कडाक.

डोळे मिटून बसला तो.
मी चावत राहिले, ओठ पेटलेले,
त्याचा कान माझ्या गालाला टेकलेला.
शेवटी म्हणाला,
"अजून दोन मिनिटं हवी होती."

मी चुंबक काढला,
डॉक्टरांचा कागद उलटा केला
आणि मागे लिहिलं:
बेचाळीस.