रकाना क्रमांक नऊ

डुलूथच्या वर, सरोवराकडं तोंड करून
एक जुनी डेअरी उभी आहे.
तिथं आता अठ्ठावीस कुत्री, अकरा मांजरं,
एक आंधळा ससा
आणि मी, पगारी, आठवड्याचे तीस तास.
बाकी सगळे हौसेचे हात.

हौसेचे हात विमा कंपनीला कळत नाहीत.
मार्लिस ओमडाल, आमची एजंट, भली बाई,
येताना मांजरांसाठी ट्यूनाचे डबे आणते.
तिनं एकदा कॉफीचे दोन कप पुढ्यात घेऊन दाखवलं:
हा नोकरांचा. हात मोडला, भरपाई.
हा परक्यांचा. पाहुणा घसरला, भरपाई.
आणि स्वयंसेवक? मी विचारलं.
तिचं बोट टेबलावर टेकलं, दोन बशांच्या मधे,
जिथं थोडी कॉफी सांडली होती.

वर्ना लाहती, वय एकाहत्तर.
तीस वर्षं शाळेची बस चालवली,
एका पोराला खरचटलं नाही, असं सांगते
आणि सांगताना लाकडाला हात लावते.
माझ्या फाइलीत तिची सही आहे:
होणाऱ्या इजेची जबाबदारी माझी.
न वाचता केली होती. चष्मा गाडीत राहिला होता.
जा, घेऊन ये, असं मी म्हटलं नाही.
अठ्ठावीस कुत्री होती, आणि सकाळचे सात.

फेब्रुवारी. पारा शून्याच्या खाली अठरा.
डोझरचा पट्टा तिच्या मनगटाला दोन वेढे.
एकच वेढा द्यावा, असं भिंतीवर लिहिलंय,
माझ्याच अक्षरात.
त्यानं ओढलं नाही. खार नव्हती, गाडी नव्हती.
ती घसरली, आणि पडली ती त्याच्यावर,
नेमकी त्या कुशीवर, जिथं जुन्या साखळीनं
केस परत येऊच दिले नाहीत.
मग तो चावला. एकदा. आणि सोडलं.
आणि तिच्या शेजारी बर्फात बसून राहिला.

रकाना क्रमांक नऊ: इजा कशामुळे झाली?
दोन बोटं रुंद जागा.

‘चावा’ लिहावं, तर दहा दिवस कोंडणं आलं,
आणि पुढं पॉलिसीचं चौदावं पान:
चावलेला कुत्रा इथं ठेवता येत नाही,
कुणाच्या घरीही देता येत नाही.
मग उरते डॉक्टरची सुई.
‘बर्फ’ लिहावं, तर ती सही.
मेडिकेअर देईल तेवढं देईल,
उरलेलं मनगट वर्नाच्या पेन्शनीतून.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात.
हा तर सोडला तरी पळाला नव्हता.

दवाखान्यातून तिचा फोन:
‘बर्फ लिही गं. बर्फाला कुणी सुई टोचत नाही.’
मागं कुणीतरी तिला पाय उचला म्हणत होतं.

रात्री नऊपर्यंत बसले.
शेवटी लिहिलं: पडली. मग चावला.
याच क्रमानं.
दुसरी ओळ रकान्याबाहेर गेली,
दहाव्याच्या जागेत, जिथं
‘साक्षीदार’ असं छापलंय.

मार्लिस बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, क्रमाला अर्थ आहे का, ते वरती विचारते.
अजून विचारतेच आहे.
हप्त्याचं मात्र पत्र आलं,
ते वेळेवर आलं.

मार्चमध्ये वर्ना परत आली, प्लास्टरसकट.
नवा फॉर्म आहे, मी म्हटलं, चष्मा आणलास?
या वेळी आणला होता.
चारही पानं तिनं जाळीपाशी उभं राहून वाचली,
मोठ्यानं, डोझरला ऐकू जातील अशी,
‘दावा’, ‘वारस’, ‘कायमचा त्याग’,
आणि त्यानं प्रत्येक शब्दाला कान हलवला,
जो एक हलतो तो.

उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्यानं सही.
आडनाव रेषेखाली घसरत गेलं.
ही चालेल का, मार्लिसला विचारायला हवं.

तोवर वर्नानं पट्टा खुंटीवरून काढला होता.
मी तो तिच्या हातून घेतला
आणि तिला मांजरांकडं पाठवलं.