गुळाच्या अलीकडे

रात्री गवे येऊन गेले.
चार सऱ्या आडव्या, चिखलात ताटलीएवढा खूर.
मामंजी त्या खुरात पाय ठेवून उभे राहिले,
म्हणाले, "तांचोय वांटो आसता."
मग कोयता काढला.

ऊस बुडख्याशी तोडायचा, मातीला टेकून.
गोडी खाली असते, शेंड्यात नुसतं पाणी.
वाढे म्हशीला. मोळी डोक्यावर.
पाचट मान कापत राहतं बांधापर्यंत.

कारखाना चालू होता तेव्हा ट्रक यायचा.
ऊस जायचा, पावती यायची.
उग्यातल्या उसाची साखर
कुणाच्या चहात पडली, कोण सांगणार?
आता माडाखाली डिझेलचा चरक आहे
आणि चंदगडहून टेम्पोत घालून आणलेली काहील,
माझ्या वडिलांनी गुऱ्हाळ बंद केलं त्या वर्षीची.

पहिली धार राखाडी-हिरवी.
पोरं पेले घेऊन आधीच रांगेत.
उरलेला रस काहिलीत, चुलाणात कालची चिपाडं,
ज्याचा रस त्याचंच जळण.
भेंडीची खोडं ठेचून त्यांचं बुळबुळीत पाणी ओतते मी,
मळी त्याला धरून वर येते,
झाऱ्याने काढावी तेवढी पुन्हा येते,
तासभर असं वाटतं की या रसात मळीच आहे फक्त.
मग एकदम तळ दिसतो.

माझ्या माहेरी इथं थांबत नाहीत.
घोटत राहतात गोळी बांधेपर्यंत, मग साचा, मग ढेप.
लग्नानंतर पहिल्या हंगामात मी इथंही ढेप केली.
जूनमध्ये ती फळीवरून उतरली
आणि भिंतीवरून ओघळत मुंग्यांच्या घरी गेली.
सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"हांगा हवेंतूच दर्या आसा."
तेव्हापासून मीही काकवीपाशी थांबते.

कुठे थांबायचं ते कानाला कळतं.
आधी फसफस. मग फडफड.
मग बुडबुडे जाड होतात, एकेक करून फुटतात,
दुपारी झोपलेल्या माणसाचे ओठ सुटावेत तसे.
हा शेवटचा आवाज मामंजींना
दोन वर्षं झाली, ऐकू येत नाही.
त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
ते पळी उचलतात, तार बघतात,
काहिलीवर इतके वाकतात की भुवया ओल्या होतात,
आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "म्हाका दिसता..."
मी म्हणते, "हो, आत्ताच."
बांबू कड्यांत जातो. दोघं मिळून उतरवतो.

फेणीच्या रिकाम्या बाटल्या, तीनदा धुतलेल्या,
तरी बुडाशी काजूचा वास राहतोच.
बूच, वर मेणाचा थेंब. लेबल नाही.
पहाटेची कदंबा, पायाशी खोका,
प्रत्येक खड्ड्यावर काच काचेशी बोलते मडगावपर्यंत.

सुक्या सुंगटांच्या शेजारी माझी जागा.
कुडतरीची पिएदाद बाय दर वर्षी तीन घेते:
एक घावनांवर, एक नातवाच्या खोकल्याला,
एक मुलासाठी, "पूत तारवार आसा" म्हणत.
बाटली उजेडात धरून ती उलटी करते.
"गेल्या वर्साची पातळ आशिल्ली गो."
गेल्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते.
मामंजी एकटे होते काहिलीपाशी,
पुढे जाईल म्हणून घाबरून लवकर उतरवलेली.
"लाकडं ओली होती," मी म्हणाले.
बाटलीतला बुडबुडा अजून अर्ध्यावर होता.
मागे गिऱ्हाईक खोळंबलं, सुंगटांवर माशी बसली,
बाय हलली नाही.
तो वर पोचला तेव्हा तिने पैसे काढले.

संध्याकाळी मामंजी फाटकापाशी.
"कितें म्हणली ती?"
"तीन घेतल्या," मी म्हणाले, जरा मोठ्याने.
त्यांनी खोक्यातून तिच्या जुन्या बाटल्या उचलल्या,
एकीत बोट घातलं, चाटलं,
बराच वेळ तोंड हलवत राहिले.
"पातळ," म्हणाले,
आणि बाटल्या विसळायला विहिरीकडे गेले.