एकशे बत्तीस

हरलो, त्याला तास झाला.
आम्ही चौघं अजून पायऱ्यांवर.
पर्वतीवर दिवे लागलेत
आणि खळदकर म्हणतोय, कुदळेला वगळा.
डावखुरा म्हणून किती दिवस लाड?
सातव्या इनिंगला चेंडू टाकत नाही तो,
रद्दीचा गठ्ठा ठेवावा दारात, तसा ठेवतो.

मुजावर उखडतो.
सलग तीन दिवस उभा कुणी केला त्याला?
पिचर आहे, पाण्याची मोटर नाही!
चहावाला पोऱ्या विचारतो, कुठला पिक्चर?
कुणी हसत नाही.
अख्ख्या पुण्यात हा खेळ बघायला
आम्ही चौघंच, आणि मतं पाच.

मी वही उघडतो.
दुधाच्या हिशेबाची जुनी वही,
मागच्या पानांवर कुदळेचे चेंडू:
एकशे बत्तीस.
शंभरानंतर माझ्याच रेघा वाकड्या झाल्यात.
मला तेव्हाच दिसलं होतं.
बोललो नाही.

चौदावा कोण, तिसरा पिचर की राखीव कॅचर,
यावर पुन्हा जुंपते.
मुजावरचा चहा थंड, त्यात एक मुंगी.

तेवढ्यात कुदळेच येतो खालून,
खांद्यावर बर्फाची पिशवी, शर्ट निथळतोय.
"काका, पेट्रोलपुरते आहेत का? सोमवारी देतो."
सगळ्यांत आधी खळदकरच पाकीट काढतो,
दोनशेची नोट, वर दटावणी,
"दाखव तो खांदा कुणाला तरी."

कुदळे उजव्या हातानं नोट घेतो.

त्याची गाडी सुरू होऊन
वळणापार जाईपर्यंत कुणी बोलत नाही.
मग खळदकर घसा खाकरतो.
"तरीपण," म्हणतो.