फ्रिजवरचे सहा शब्द

खंडागळे खडकीहून येतात, मंगळवारी आणि शनिवारी,
स्कूटरच्या डिकीत उकडलेल्या कोंबडीचा डबा.
अठरा वर्षं फौजेत कुत्री घडवली.
पहिल्या दिवशी दारातच म्हणाले,
"कुत्र्याचं नंतर बघू. घरात माणसं किती?"

दोन, मी म्हटलं.
शिरीष पेपरामागून काही बोलला नाही.

फुटाणा तेव्हा पाच महिन्यांचा.
म्हात्रे पुलाखाली, नदीपात्रातल्या रस्त्याकडेला सापडलेला,
एक कान उभा, एक अजून विचारात.
आल्यापासून त्याने खाल्लं होतं:
डाव्या पायाची कोल्हापुरी, विजेचं बिल, सोफ्याचा कोपरा
आणि शिरीषच्या चष्म्याचं घर.
बेल वाजली की भुंकायचा,
नाही वाजली तर का नाही वाजली म्हणून भुंकायचा.
खालच्या कुकडेबाईंनी दारातून चिठ्ठी सरकवली होती,
ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही.

"बसवताना काय म्हणता त्याला?"
मी म्हणते, बस. शिरीष म्हणतो, सिट.
छबूताई लादी पुसता पुसता म्हणतात, ए, बस की गपगुमान.
"आणि ताटात पुरेसं झालं की?"
बस, आम्ही दोघं एकदम म्हणालो.
मार्चपासून एकदम बोललेला तो पहिलाच शब्द.

"मग बिचाऱ्याने बसायचं, की तुम्ही वाढायचं थांबायचं?
एक शब्द, एक अर्थ. घरात सगळ्यांचा तोच.
कागदावर लिहा. फ्रिजवर लावा."

तर एका रविवारी आम्ही लिहायला बसलो.
बस. यापुढे फक्त कुत्र्याला, वाढताना म्हणायचं पुरे.
थांब.
सोड.
जागेवर, म्हणजे खिडकीखालची जुनी सतरंजी.
शाबास.
सहाव्यापाशी अडलो.
तो म्हणाला, इकडे ये.
मी म्हटलं, लांब होतं.
तो म्हणाला, तुला माझं सगळंच लांब होतं.
मग पेन खाली. मग चहा, ज्याचा त्याने केलेला.
संध्याकाळी बघते तर कागदावर त्याच्याच तिरक्या अक्षरात
ये.

दोर ताणला की झाडासारखं उभं राहायचं,
सैल पडला की चालायचं.
कालव्याच्या रस्त्याला चाळीस मिनिटांत
मी तीन खांब पुढे गेले.
एका आजोबांनी विचारलं, कुणाची वाट बघताय का?
खंडागळे कठड्यावर बसून शेंगा सोलत होते.
"दोराला टोकं दोन असतात, मॅडम.
तुमचं आधी ढिलं करा."

आणि निघताना, किक मारता मारता,
"एक पक्कं ध्यानात ठेवा.
हाक मारल्यावर आलेल्याला रागवायचं नाही.
चप्पल फाडून आला, चिखल घेऊन आला, तासाने आला,
आला ना? मग शाबास."
शिरीष वर गॅलरीत उभा होता.
ऐकलं की नाही, माहीत नाही.

आता फुटाणा लिफ्टपाशी बसतो,
ताटाकडे पाठ करून सतरंजीवर पडतो,
तोंडातला मोजा मागितला तर देतो, ओला.
परवा माझे भाऊजी श्रीखंडाला हात आडवा धरून
बस बस बस म्हणाले,
तर हा बसला, उठला, पुन्हा बसला,
आणि तिसऱ्यांदा कसं बसायचं म्हणून
शिरीषकडे बघत राहिला.
शिरीष हसला. मला त्याचा तो पुढचा दात
एवढा वाकडा आहे हे विसरायला झालं होतं.
सिलिंडरवाल्यावर मात्र अजून भुंकतो.
त्याला औषध नाही म्हणतात.

काल रात्री, दीड-दोन असतील,
हॉलमधून आवाज आला. शिरीष तिथेच झोपतो.
झोपेत की जागा होता, कोण जाणे,
तो म्हणाला, ये.

फुटाणा उठला. नखं फरशीवर टकटक.
दाराशी थांबून त्याने मागे वळून पाहिलं,
दोन्ही कान उभे.

मी चष्मा चाचपला. मग राहू दिला.
फरशी गार होती.
बेडरूमपासून हॉल बारा पावलं,
मला वाटलं होतं त्याहून कमी.

कुणी रागवलं नाही.