चार नंबरच्या गोदामामागे

नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथारी आहेत.
मार्गशीर्षात एकरच्या एकर लाल होतं.
मी तिथे वजनकाट्यावर बसतो : भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी माझी.
दुपारी डबा संपला की
चार नंबरच्या गोदामामागे जातो.
तिथल्या भिंतीवर उखर्डू पेंटरने नरक काढलाय.

काढलाय म्हणजे, अजून काढतोय. नववं वर्ष.
दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेले डबे, जवसाचं तेल,
कढईच्या बुडाची काजळी.
विकतचा काळा त्याला चालत नाही.
म्हणतो, तो नुसताच काळा असतो,
त्यात कोणी राहत नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खोकलो,
डोळ्यांतून पाणी आलं.
ठसका मिरचीचा की चित्राचा, कळेना.
ओल्या रंगावर दर हंगामात लाल धूळ बसत गेलीय;
ज्वाळेवरून बोट फिरवलं
तर खरोखर झोंबतं.

त्यांच्याकडे पाहायला शिकावं लागतं.
आधी दिसतात सुळे, फक्त सुळे.
मग एका दुपारी लक्षात येतं,
तीन शिंगांच्या त्या धिप्पाडाच्या पापण्या उंटाच्या आहेत,
लांब, धुळीसाठी केलेल्या.
पंखांचं कातडं जिथे ताणलं जातं
तिथे कांद्याच्या सालीसारखा उजेड आरपार येतो.
तळहाताएवढी जागा ती.
तिच्यापायी उखर्डूचा अख्खा पावसाळा गेला.
एकीला पोटातच तोंड आहे,
आणि तिने ते फडक्याने बांधून घेतलंय,
पथारीवरच्या बाया बांधतात तसं.
एकाच्या पाठीतून बाभूळ उगवलीय,
पिवळ्या फुलांसकट.

माणूस एकही नाही.
मी शोधला. कढईत, सुळावर, आगीच्या पल्याड,
कुणीतरी माझ्यासारखा, पावतीपुस्तक धरलेला.
शेवटी विचारलं.
त्याने ब्रश रॉकेलात बुडवला, चिंधीला पुसला.
"मानूस काढा का लोके त्यालेच देखतस.
मंग येस्ले कोन देखी?"

दीपचंदशेठ एकदा चुनेवाल्याला घेऊन आले होते.
म्हणाले, लक्ष्मीच्या जागी हे काय.
मग उभे राहिले. बराच वेळ.
जाताना चुनेवाल्याला म्हणाले,
पुढची भिंत मार.

उखर्डूच्या आधी त्याच्या मायची पाच गेली.
सहावा झाला तेव्हा तिने त्याला उकिरड्यावर ठेवला,
शेजारणीने उचलला,
पायलीभर ज्वारी देऊन मायने परत विकत घेतला.
नेणाऱ्यांना वाटावं, टाकाऊ आहे.
वाटलं त्यांना.
ते त्याला न ओळखता पुढे गेले,
आणि हा साठ वर्षं
त्यांचे चेहरे आठवत बसलाय.

भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली,
जिथे वाकल्याशिवाय दिसत नाही,
पाच लहानगे आहेत. शिंगं अजून फुटायची आहेत,
कपाळावर नुसती टेंगळं.
चौघं खेळतायत. एकाने पाऊल मांडीवर घेतलंय.
"त्याले काटा लागेल शे," उखर्डू म्हणाला,
मग डब्यातला रंग ढवळत राहिला,
ढवळायची गरज नसताना.
तीन शिंगांचा तो धिप्पाड त्याच्यासमोर बसलाय,
कोयत्याएवढ्या नखांत बाभळीचा एक काटा,
काट्याने काटा काढायला.
श्वास रोखून.
चित्रातल्या राक्षसाने श्वास रोखलाय हे
कसं कळतं, मला सांगता येणार नाही.

बाहेर ट्रकने हॉर्न दिला.
मी गेलो, आकडा लिहिला, पावती फाडली.

रात्री झोपेत डोळा चोळला
आणि तो पेटला.
उठून माठाजवळ गेलो, तांब्या भरला,
अंधारात तसाच धरून उभा राहिलो
थोडा वेळ.