पाणी कसं आहे

होबार्ट विचारतो, पाणी कसं आहे?
मी म्हणते, गढूळ.
गढूळ म्हणजे काहीच नाही, रिने.
कॉफी म्हण. आणि कॉफीत दूध किती, ते सांग.

केंटकीतला मार्च. धक्क्याच्या फळ्यांवर दहिवर.
त्याच्या नजरेचा मधला भाग दोन वर्षांपूर्वी गेला,
आता कडेकडेनं दिसतं तेवढंच: होडीची धार, माझी कोपरं,
आणि कधीकधी, तो म्हणतो, कोंबड्या.
आम्ही कोंबड्या पाळत नाही.

मी ओणवी होऊन बघते. कदाचित पहिल्यांदाच इतकं नीट
या तळ्याकडे. मी नऊ वर्षांची असताना
आई मला घेऊन इथे, याच्या घरी राहायला आली होती.
आईच्या सकाळच्या कपाएवढं, मी सांगते. दोन चमचे दूध.
मग जूनबग, तो म्हणतो. काळपट जांभळी.
एवढ्या दुधात माशाला रंग कुठला दिसतोय,
सावली दिसते. सावली दे त्याला.

डब्यात खण, खणात पिशव्या, जातीची जात वेगळी.
त्यानं पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं:
दोन प्रकारचं रबर एका खणात राहिलं
की एकमेकांना वितळवतं. सकाळी उघडावं
तर नुसता लगदा, कोण कुठलं कळत नाही.
त्याच रात्री मी मुद्दाम सगळं एकत्र केलं.
अख्खा डबा.
तो ओरडला नाही. व्हरांड्यात बसून
सुरीनं खरवडत राहिला, अंधार पडेपर्यंत.

आता गळ मी लावते.
आधी तंगुसात शिशाची गोळी, पाव औंस, निमुळतं टोक वर.
मग गाठ, थुंकी लावून आवळलेली.
गळ अळीच्या नाकातून पाव इंच आत, लगेच बाहेर,
नेढ्यापर्यंत ओढायचा, अर्धी गिरकी द्यायची,
अळी शेजारी लोंबती धरून बघायचं
वाक नेमका कुठे येतो, आणि तिथेच
टोक पुन्हा तिच्या अंगात. कातडीखाली, दिसणार नाही असं.
बुडालेल्या झाडांत अडकू नये,
पण जबडा मिटला, की फुटून वर यावं.

सरळ आहे का? तो बोटं फिरवतो.
वाकडी असली तर पाण्यात गरगरते, तंगूस पिळवटतं,
मासे हसतात.
दोनदा काढायला लावतो. तिसऱ्यांदा काही बोलत नाही.

गेल्या गुरुवारी जूनबग संपली होती.
टॅकेटबाईच्या दुकानात पिशवी सहा डॉलरला,
आणि त्या सहा डॉलरचं मी दुसरंच काही घेतलं.
भोपळ्याच्या सालीसारखी हिरवी लावली. म्हटलं, जूनबग.
त्यानं ती नाकाशी नेली.
जूनबगला बडीशेपेचा वास. हिरवीला लसणाचा.
हे मला माहीत होतं. विसरले होते.
तो टाकत राहिला, जुन्या पुलाच्या खांबांपाशी,
तंगुसावर तर्जनी, तळाचा एकेक खडा मोजत.
साडेतीन तास. एक ठोका नाही.
ट्रकमध्ये बसल्यावर म्हणाला,
लसणाची चांगली असते. पाणी निवळलं की.
आणि चर्च मागे पडल्यावर:
अजून मेंथॉलच ओढतेस का?

आज दोन चमचे दूध. आज खरी जूनबग.
नवाच्या सुमारास त्याचं बोट थबकतं.
काठीचं टोक खाली, श्वास बंद,
आणि मग तो सबंध पाठीनं मागे जातो.
दोन किलोची असेल, पोट अंड्यांनी जड.
खालच्या ओठात अंगठा घालून वर धरतो,
माझ्याकडे नाही, माझ्या थोडं डावीकडे.
कशी आहे?
मी सांगते. कुशीवर काळा पट्टा, मध्ये तुटलेला,
शेपटीची खालची कड खरचटलेली, डोळ्याभोवती सोनेरी कडं.
तो ऐकतो, शेवटपर्यंत. मग तिला पाण्यात सोडतो.

अळीचं नाक फाटलंय.
तो तेवढा तुकडा दातांनी तोडून थुंकतो,
उरलेली माझ्या तळहातावर ठेवतो.
चालेल अजून. जरा खालून लाव.