निरंक

गेट नंबर सात, गहुंजे.
सामना दुपारी दीडला,
आम्हाला एजन्सीच्या टेम्पोनं सातलाच उतरवलं
सोमाटण्याहून. चौदा बायका, एक छत्री.

माझी जागा पडद्यामागं.
हात वर, ताई. वळा. पर्स उघडा.
किती पाठी गेल्या दिवसभर या तळव्यांखालून,
घामेजलेल्या, अत्तराच्या, तिरंगा रंगवलेल्या.
एकीच्या पोटाला हात लागला तर आतून लाथ बसली.
म्हटलं, दोघांत एकच तिकीट?
ती हसली. सोडलं.

नाणी चालत नाहीत. बाटली चालत नाही. डबा तर नाहीच.
कर्वेनगरच्या एका बाईंनी झाकण तिथंच काढलं,
आम्हा चौघींना थालीपीठ वाढलं, लोण्यासकट,
आणि रिकामा डबा उलटा करून दाखवला : आता?
रिकामाही चालत नाही, काकू.
(लोणी अजून ओठांवर होतं.)

नाण्यांची बादली चारनंतर उचलेना.
तिचं पुढं काय होतं, मला विचारू नका.

खेळ मी पाहिला नाही.
तोंड लोकांकडं, पाठ मैदानाकडं, असा नियम.
चौकार आधी टाचेला कळतो,
स्टँडचं लोखंड थरथरतं,
मग कानाला.
विकेट पडली की मागं कुणीतरी दिवा मालवल्यासारखं होतं.

रात्री सुटलं.
गेटची एक बाजू कुलपात, कुणाची तरी गाडी यायची म्हणून.
उरलेल्या अर्ध्यातून अख्खा स्टँड.
ओरडते तोवर गर्दीला भ्यायचं नसतं.
ती गप्प झाली.
माणसं नुसती श्वास घेत होती, तोही वरवर,
आणि एक पोरगं, सहा-सात वर्षांचं,
त्याची चप्पल जमिनीवर
आणि ते वर, कुणाच्याच कडेवर नसताना.

वॉकीवर थिटेसाहेब : थांबा, वर विचारतो.
किल्ली माझ्या कमरेला होती.
हुकूम नव्हता.

मागं सरका म्हटल्यानं कुणी सरकत नाही.
माहेरी म्हशी वळवताना काढायचे तो आवाज काढला,
पोटातून, हाऽऽ हुर्र,
आणि वळली की हो, पुण्यातली शिकलेली माणसं!
तेवढ्या सटीत कुलूप निघालं.

मिनिटभरात सगळे परत बोलायला लागले.
एक म्हणाला, पार्किंग कुठं?
एक म्हणाला, आधीच उघडायला काय झालं होतं, व्यवस्था म्हणून नाही.
पोरगं बापाच्या खांद्यावरून गेलं, एक पाय अनवाणी.
त्यानं वळून पाहिलं नाही. कशाला पाहील?

थिटेसाहेब आले. पारगे, कुणाला विचारून?
अर्धी हजेरी कापली.
मग रजिस्टर पुढं सरकवलं.

चेंगराचेंगरी : निरंक.
जखमी : निरंक.
तक्रार : निरंक.
सापडलेल्या वस्तू :
चप्पल एक, डावी, निळी, बंद तुटलेला.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.
तिथं काय लिहितात?

टेम्पोत बसल्यावर कुणीतरी विचारलं,
जिंकलं कोण गं?
चौदा जणींत एकीलाही माहीत नव्हतं.
ड्रायव्हरला होतं. त्यानं सांगितलं.
आम्ही बरं म्हणालो.